पोट लहान झाल्यावरची दावत: वजनाच्या ऑपरेशननंतर हॉटेलात आणि दस्तरख्वानवर काय खावं, कसं खावं

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला डॉक्टर बॅरिअॅट्रिक सर्जरी म्हणतात. आपल्याकडे लोक सरळ "पोट कापायचं ऑपरेशन" म्हणतात. जळगाव-धुळ्याकडची माणसं त्यासाठी नाशिक, मुंबई, पुणे, इंदूर किंवा सुरत गाठतात, आठवड्याभरात परत येतात आणि मग महिन्या-दोन महिन्यांत कुणाच्या तरी निकाहची दावत येते. खरी अडचण तिथून सुरू होते. हॉस्पिटलातून मिळालेल्या आहाराच्या कागदावर इडली, सूप, पनीर, ओट्स असं सगळं लिहिलेलं असतं. दालचा, खलिया, शेवभाजी, वलीम्याची बिर्याणी यातलं काहीच त्यात नसतं. आणि "आपा, तुम्ही तर काहीच घेतलं नाही, आणखी एक बोटी घ्याच" असं म्हणणाऱ्या मेजबानाला काय उत्तर द्यायचं, तेही नसतं.

म्हणून ही माहिती एका ठिकाणी मांडली आहे. ती डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वापरायची नाही, त्याच्या जोडीला ठेवायची.

आधी ऑपरेशन समजून घेऊ

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार होतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि उरतो तो केळ्याच्या आकाराचा नळीसारखा भाग. (केळ्याची उपमा सगळीकडे देतात, जळगावकरांना ती वेगळी समजवायला नको.) सुरुवातीला त्यात साधारण 100 ते 150 मिली मावतं, म्हणजे चहाचा एक कप. दुसरा बायपास. यात वरच्या टोकाला साधारण 30 मिलीची छोटी पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. काळाच्या ओघात जागा थोडी वाढते, पण पूर्वीसारखी कधीच होत नाही.

ऑपरेशन हौस म्हणून करायचं नसतं. भारतात रूढ झालेला निकष असा की बीएमआय 37.5 च्या वर असेल, किंवा 32.5 च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असे आजार असतील, तर विचार करावा. अलीकडच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांसाठी हे आकडे आणखी खाली आणले आहेत.

आपल्या समाजात या ऑपरेशनची चर्चा झाली ती 2017 मध्ये. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची इमान अहमद त्या फेब्रुवारीत विमानाने मुंबईला आली, सैफी हॉस्पिटलमध्ये डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या टीमने मार्चमध्ये तिचं स्लीव्ह ऑपरेशन केलं, मेमध्ये तिला अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये तिथे तिचं निधन झालं. तेव्हापासून काही घरांत "ते ऑपरेशन म्हणजे जिवाला धोका" एवढंच डोक्यात बसलं आहे. इमान अनेक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, तिला पक्षाघात झालेला होता, बरेच आजार एकत्र होते. तिच्या केसवरून सगळ्यांचा हिशोब लावता येत नाही. दुसऱ्या टोकाला, 2011 मध्ये भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनी हे ऑपरेशन करून घेतल्याची बातमी गाजली. त्यांच्यासारख्या खाण्याच्या शौकीन माणसाने केलं म्हणजे नंतर सगळं खाता येतं, असाही एक समज निघाला. तोही अर्धवटच आहे.

पहिले दोन महिने बाहेरचं नाही

सुरुवातीचे साधारण दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ. मग वाटलेलं, मग मऊ. नेहमीच्या जेवणावर यायला सहा ते आठ आठवडे लागतात, कुणाला जास्त. या काळात जठराला घातलेली शिवण भरून येत असते, म्हणून इथे "एकच घास" चालत नाही. दावत असेल तर जावं, दुआ द्यावी, बसावं आणि घरून डब्यात नेलेलं गाळलेलं सूप किंवा ताक प्यावं. लोक काय म्हणतील याची फिकीर या दोन महिन्यांत तरी बाजूला ठेवावी.

नंतरचे नियम मोजकेच, पण आयुष्यभराचे. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरलीच तर भाकरी-भात. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि चहाच्या कपाएवढ्या पोटात ती बसवायची म्हणजे प्रत्येक घासाचा हिशोब आला. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, 100 ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये 25 च्या वर, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, साध्या दह्यात 3 ते 4. लुकमा छोटा, वीस-पंचवीस वेळा चावलेला. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट. सोडा आणि कोल्डड्रिंक बंद. ज्या क्षणी पोट भरल्यासारखं वाटलं, छातीत दाटलं, नाक वाहायला लागलं किंवा उचकी आली, त्या क्षणी थांबायचं. पुढचा घास उलटीचा असतो.

खानदेशी मेनू कार्ड वाचताना

मोठ्या साखळी हॉटेलांना मेनूवर कॅलरी लिहिण्याचा नियम 2022 पासून लागू आहे, पण तो दहा किंवा जास्त शाखा असणाऱ्यांना किंवा केंद्रीय परवाना असणाऱ्यांना. पारोळा-एरंडोल रस्त्यावरच्या ढाब्याला किंवा आपल्या मोहल्ल्यातल्या बिर्याणीवाल्याला तो लागू नाही. तिथे आपल्यालाच ओळखावं लागतं.

शेवभाजी. धुळ्याहून जळगावकडे निघालं की ही टाळणं अवघड. शेव बेसनाची पण तळलेली, रश्शावर तर्रीचा थर, आणि काळ्या मसाल्याचा तिखटपणा वेगळाच. स्लीव्हनंतर पुष्कळांना आंबट पाणी वर येण्याचा, जळजळण्याचा त्रास होतो. त्यांनी शेवभाजी चवीपुरती दोन चमचे घ्यावी, तीही तर्री बाजूला करून. जेवण म्हणून ती घ्यायची नाही.

भरीत. आसोद्याच्या वांग्यांचं नाव आहे आणि जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय मानांकनही मिळालं. भाजून ठेचलेलं असल्यामुळे मऊ, म्हणून पोटाला सोसतं. पण त्यात प्रथिनं नावालाच आणि हॉटेलात तेल भरपूर. घरी केलं तर कमी तेलात, सोबत वाटीभर घट्ट दही. थंडीत शेतावरच्या भरीत पार्टीला गेलात तर आधी दही किंवा उकडलेलं अंडं खा, भरीत नंतर, पुरी तर नकोच.

बट्टी. हिच्याबद्दल वाईट वाटतं, पण खरं सांगायचं तर ही सगळ्यात अवघड. घट्ट कणकेचा गोळा, वरून तळलेला, तुपात बुडवलेला. छोट्या पोटाच्या तोंडाशी जाऊन अडकतो. वरण प्यावं, बट्टी सोडावी. नान, तंदुरी रोटी, पाव यांचंही तेच, चावून चावून लगदा होतो आणि बसून राहतो. त्यापेक्षा कळण्याच्या भाकरीचा पातळ पापुद्रा वरणात भिजवून बरा.

आपल्या हॉटेलांत गेलो तर पर्याय खरं तर चांगले आहेत. खिमा हा पहिला. बारीक असतो, चावायला सोपा, प्रथिनं भरपूर. वरचं तेल चमच्याने काढून घ्यायचं. शीख कबाब चालतो, फार कोरडा भाजलेला नसेल तर. तंदुरी चिकनची वरची कोरडी बाजू अडकते, हाडाजवळचा रसदार भाग घ्या. बकऱ्याची बोटी शिजून हाडापासून सुटत असेल तरच. कलेजीत लोह आणि बी-12 चांगलं, पण जास्त परतली की रबर होते. पाया लोकांना ताकदीचा वाटतो. त्यात चरबी जास्त आणि त्याच्यातली प्रथिनं खिम्याच्या तोडीची नाहीत, हे लक्षात ठेवावं. काहीच जमलं नाही तर संध्याकाळच्या अंड्याच्या गाडीवर दोन अंड्यांची भुर्जी, तेल कमी, पावाशिवाय. प्रवासात इतकी भरवशाची दुसरी गोष्ट नाही.

बिर्याणीत भात फुगतो आणि जागा खातो. बोटी, अंडं, रायता आधी, भात शेवटी दोन चमचे.

ऑर्डर देताना लाजू नका. हाफ प्लेट आहे का विचारा, नसेल तर फुल घेऊन आधीच अर्धी पार्सल करायला सांगा. अनलिमिटेड थाळीत पैसे वाया जातात आणि वेटर वाढतच राहतो, ती घेऊ नका. काही हॉस्पिटलं अशा रुग्णांना छोटं कार्ड देतात. नसेल मिळालं तर स्वतःच एक चिठ्ठी मराठीत आणि उर्दूत लिहून पाकिटात ठेवा: "माझं पोटाचं ऑपरेशन झालं आहे. मी फार थोडं आणि हळू खातो/खाते. हाफ प्लेट, तेल-तिखट कमी, कृपया." तोंडाने सांगायला संकोच वाटणाऱ्यांना, विशेषतः आपल्या भगिनींना, ही चिठ्ठी सोपी जाते.

दस्तरख्वानवर

हॉटेलात निदान पैसे देऊन आपण मालक असतो. दावतीत तसं नाही. वलीम्यात मागे पुढची पंगत उभी असते, खुर्चीला हात लावून. बाकीचे दहा-बारा मिनिटांत उठतात आणि आपल्याला अर्धा तास लागतो. घाई झाली की घास न चावता जातो आणि तिथेच घोटाळा होतो. यावर उपाय एकच: वेळेआधी पोचा आणि घरच्यांना सांगून पहिल्या पंगतीत किंवा अगदी शेवटच्या पंगतीत बसा. त्याहून चांगलं म्हणजे घरून निघतानाच प्रथिनांचं खाणं करून निघा आणि दावतीत नावापुरतं बसा.

एका थाळात चौघं बसत असतील तर उलट बरं. कुणी किती खाल्लं ते दिसत नाही. दालच्यातली डाळ, दुधीची फोड आणि मऊ बोटी आपल्या बाजूला घ्यायची. बुरहानपूरकडचे मोठाले मांडे असतील तर त्याचा एक छोटा तुकडा खलियात पूर्ण भिजवून, बस. वेगळं ताट असेल तर वाढणाऱ्याला आधीच थांबवा. एकदा ताटात पडलं की टाकून दिलं तर इसराफ, खाल्लं तर उलटी, असं कात्रीत सापडायला होतं.

एकत्र न जेवता वेगळं बसलं किंवा मेजबानाचा आग्रह मोडला तर गुनाह होईल का, असं काही वडीलधारी मंडळी मनापासून विचारतात. सूरह नूरची 61 वी आयत इथे बघावी. आजारी माणसावर दोष नाही हे त्यात आहे, आणि एकत्र जेवा किंवा वेगवेगळं, दोन्हीत दोष नाही हेही त्याच आयतीत आहे. तिरमिज़ी शरीफमध्ये पोटाचे तीन भाग करण्याची हदीस आहे, एक खाण्याला, एक पाण्याला, एक श्वासाला, ती तर आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवली जाते. मेजबानी करताना मात्र आपण ती विसरतो. मेहमानाचा इकराम म्हणजे त्याच्या ताटात ढीग घालणं, असं कुठे लिहिलं आहे? मेजबानाने एकदा विचारावं, "नको" म्हटलं की मानावं. आणि "इतके पैसे घालून ऑपरेशन केलं, आता खायचं पण नाही?" असं चारचौघांत म्हणू नये. कुणी ऑपरेशनचं लपवून ठेवलं असेल तर तो त्याचा हक्क आहे. विशेषतः लग्न ठरायच्या मुलींच्या घरात हा विषय नाजूक असतो.

गोड

आमच्या नात्यातल्या एका खालाजींचं बायपास झालेलं. वर्षभर सगळं व्यवस्थित. एका वलीम्यात समधिणीने स्वतःच्या हाताने गुलाबजाम भरवला, पाठोपाठ जर्द्याचे दोन चमचे. पंधरा-वीस मिनिटांत त्यांना घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात पीळ, पडद्यामागे आडवं करावं लागलं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं हार्ट अटॅक. पाऊण तासात त्या उठून बसल्या.

याला डंपिंग म्हणतात. बायपासमध्ये जास्त होतं, स्लीव्हमध्येही होऊ शकतं. गोड पदार्थ न थांबता थेट आतड्यात उतरतो, आतडं तो पातळ करायला अंगातलं पाणी ओढून घेतं आणि हे सगळं 10 ते 30 मिनिटांत सुरू होतं. दुसरा प्रकार उशिरा येतो, खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी. गोडामुळे इन्सुलिन एकदम वाढतं आणि मग रक्तातली साखर खाली पडते: हात थरथरणं, अंधारी, घाम. म्हणजे दावतीत ठीक वाटतं आणि परतीच्या एसटीत किंवा मोटारसायकल चालवताना त्रास होतो. त्यामुळे फालुदा, सरबत, उसाचा रस, शीर खुर्मा, जलेबी यात पातळ गोड जास्त धोक्याचं. ईदला शीर खुर्मा सोडवत नसेल तर घरी साखर न घालता दूध आटवून, सेवया कमी आणि बदाम-पिस्ता बारीक करून करावा, दोन चमचे, जेवण झाल्यावर.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे केळीचे वेफर, फरसाण, खारी, आईस्क्रीम. हे सगळं सहज उतरतं, पोट भरल्याचं कळतच नाही. दोन-तीन वर्षांनी वजन परत चढू लागलं की बहुतेक वेळा दोष ऑपरेशनचा नसतो, संध्याकाळच्या त्या पिशवीचा असतो.

गोळ्यांचं हलाल-हराम

ऑपरेशननंतर जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम, बी-12, डी हे आयुष्यभर घ्यावं लागतं. काही जण कॅप्सूलच्या जिलेटिनच्या शंकेने गोळ्याच बंद करतात, ही मोठी चूक. जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात आणि ते कुठल्या जनावराचं, हे पाकिटावर सहसा कळत नाही, हे खरं. पण त्याच गोष्टी साध्या गोळीत, चघळायच्या गोळीत, पातळ औषधात किंवा वनस्पतीच्या कॅप्सूलमध्ये मिळतात. प्रोटीन पावडर किंवा पूरक आहाराच्या डब्यावर हिरवी खूण असेल तर त्यात जनावराचं जिलेटिन नसतं. डॉक्टरांना "शाकाहारी कॅप्सूल लिहून द्या" एवढं सांगितलं तरी काम होतं. पर्याय नसेल तर आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा, पण विचारेपर्यंत औषध थांबवू नका.

रमज़ान

पहिलं वर्ष तरी रोज़े नकोत, असं अनेक सर्जन सांगतात. कारण साधं आहे. एका वेळी पोटात मावतं थोडं, पाणी आणि जेवण एकत्र चालत नाही, मग इफ्तार ते सहरीच्या वेळेत दीड-दोन लिटर पाणी आणि 60 ग्रॅम प्रथिनं बसवायची कशी? आजारी माणसाला सूट आहे (सूरह बकरा, आयत 184-185). कज़ा की फिदिया, हे आलिमांना विचारावं. नंतर डॉक्टरांच्या परवानगीने रोज़ा धरला तर इफ्तारला एक खजूर, पाण्याचे घोट, मग थांबा, मगरिबनंतर अंडं किंवा खिमा, भजी-समोसा नाही. तरावीहनंतर परत थोडं, आणि मधल्या वेळात पाणी.

ऑपरेशन नाही, पण पथ्य आहे

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचा घोळ वेळेमुळे होतो. दावतीचं जेवण दोनऐवजी चारला निघालं आणि गोळी एकलाच घेतली, तर साखर खाली जाते. ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीची गोळी घेऊ नये, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

किडनीच्या रुग्णांना इथली केळी, डाळ आणि मिठाचे पदार्थ मोजूनच. युरिक अॅसिड वाढलेल्यांनी पाया, कलेजी, भेजा टाळावा. गहू न चालणारा सिलिअॅकचा आजार असणाऱ्यांना खानदेश तसा मेहरबान आहे, ज्वारी आणि कळण्याची भाकरी मिळते. पण तव्यावर आधी पोळी भाजली होती का, पीठ कुठल्या चक्कीचं, हे विचारायला हवं; शेवया, रवा, मांडे बाद. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर मात्र इथला रस्सा धोक्याचा. घट्टपणासाठी दाण्याचा कूट, भाजीत दाणे, भरीतात दाणे. "शेंगदाणे घातलेत का?" हा प्रश्न वेटरला नाही, आत जाऊन आचाऱ्याला विचारा.

केव्हा थांबायचं नाही

बाहेर खाल्ल्यावर एकदा उलटी झाली तर घाबरू नका, दोन तास काही खाऊ नका, मग पाण्याचे घोट. पण पाणीही पोटात टिकत नसेल, उलट्या दिवसभर चालल्या असतील, पोटात किंवा खांद्यात जोराची कळ असेल, ताप आणि छातीत धडधड असेल, शौच काळी होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. उलट्या आठवडाभर अंगावर काढल्या तर बी-1 संपतं आणि चालताना झोक जाणं, दोन-दोन दिसणं, विसरायला होणं असा मेंदूवर परिणाम होतो. त्यात उशीर झाला तर भरून येत नाही.

आपल्याकडची अडचण अशी की सर्जन मुंबईला आणि रुग्ण चोपड्याला. रात्री ज्या डॉक्टरकडे नेऊ त्यांना आतली रचना माहीत नसते. म्हणून डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरातल्या आणखी दोघांच्या मोबाइलमध्येही ठेवा. दवाखान्यात शिरताना पहिलं वाक्य हे बोला: स्लीव्ह झालं आहे की बायपास, आणि कोणत्या महिन्यात. अंगदुखीसाठी कुणी इंजेक्शन-गोळी देऊ लागलं तर ते थांबवून आधी हे सांगा, कारण बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी आत जखम होऊ शकते. हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञांचा नंबरही त्याच फोटोसोबत जपून ठेवा. दावतीचं बोलावणं आलं की मेनू काय आहे ते मेजबानाच्या घरी विचारायचं आणि त्यांना फोन करायचा.